दोरीचे मोकळे टोक

'शिबारी' हा जपानी शब्द अलीकडे आपल्याकडेही कानावर पडू लागला आहे. शब्दाचा साधा अर्थ 'बांधणे'. युरोप-अमेरिकेत केवळ स्त्रियांसाठी, रानात किंवा पाण्याकाठी, त्याची शिबिरे भरतात. एकीने दुसरीला तागाच्या दोरीने सावकाश बांधायचे आणि तितक्याच सावकाश सोडवायचे. त्याने श्वास संथ होतो, मन निवते, असे तिथे जाणाऱ्या सांगतात. हे ऐकल्यावर आपल्याकडे कुणी नाक मुरडतो, तर कुणी जपानी म्हणजे प्राचीन आणि सखोलच असणार असे धरून चालतो. दोघेही दोरीचा इतिहास विचारत नाहीत. मी तो शोधू लागलो तेव्हा एक साधा प्रश्न हाताशी ठेवला: दोरीचे मोकळे टोक कोणाच्या हातात आहे?

आधी जपानकडे पाहू. तिथे शिंतो देवळांत आणि जुन्या, पवित्र मानलेल्या झाडांना भाताच्या पेंढ्याचा जाड दोर गुंडाळतात. त्याला 'शिमेनावा' म्हणतात. इथपासून पवित्र जागा सुरू होते, एवढेच तो दोर सांगतो. माणसांना बांधण्याची विद्या मात्र वेगळी, तिचे नाव 'होजोजुत्सु'. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या अडीच शतकांत, ती शिपाई आणि सामुराई यांच्या हाती होती. कैद्याचा दर्जा आणि गुन्हा पाहून बांधण्याची तऱ्हा बदलत असे. तिच्यातला एक संकेत मला फार बोलका वाटतो. ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही त्याला पकडताना दोरीचे नुसते वेढे द्यायचे, गाठ मारायची नाही. गाठ बसली की माणूस 'बांधला गेला' आणि त्याची अब्रू गेली. विसाव्या शतकात इतो सेइयू (1882–1961) या चित्रकाराने जुन्या शिक्षांचा आणि बंधनांचा ध्यास घेऊन चित्रे काढली. पुढे त्या दोरीला शृंगाराची वाट मिळाली. स्त्रियांची आरोग्यसाधना ही तिची अगदी अलीकडची ओळख आहे. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. बांधणारा एक असतो आणि बांधला जाणारा दुसरा.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत दोरीला शब्दांची वाण नाही. गुराला दावे, बैलाला कासरा, त्याच्या नाकात वेसण, ओझ्याला चऱ्हाट. बहुतेक शब्द दुसऱ्याला आवरण्याचे. मुलीच्या लग्नाबद्दल बोलतानाही 'कुणाच्या तरी दावणीला बांधली' असे आपण सहज बोलून जातो. तरीही बायकांनी स्वतःच्या हाती ठेवलेल्या दोऱ्या आपल्याकडे आहेत, आणि त्यांतल्या दोन उघड्यावरच्या, झाडाखालच्या आहेत. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत फिरवताना रीळ बाईच्याच हातात असते. नागपंचमीला, आणि खानदेशात आखाजीला, झाडाच्या फांदीला झोका बांधला जातो. माहेरी आलेली सासुरवाशीण त्यावर उभी राहते आणि पायाच्या जोराने झोका उंच नेते. किती उंच जायचे, कधी थांबायचे, हे तीच ठरवते.

तिसरी दोरी अंगाला वेढा घालणारी. ती आहे दोरीचा मल्लखांब. शिबारीच्या सर्वांत जवळची आणि सर्वांत उलटी.

मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या बाळंभटदादा देवधरांना देते. पैलवानाच्या सरावाचा तो लाकडी खांब. पुढे टांगलेल्या वेतावर कसरती होऊ लागल्या आणि चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याची जागा सुती दोराने घेतली. बडोद्याहून मुजुमदारांनी काढलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'मुळे 1936 पासून ही विद्या मराठी वाचकासमोर नीट मांडली गेली. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली.

मुली या विद्येत आल्या त्या दोरीच्या वाटेने. खांबाला तेल लावलेले, त्याला छातीने आणि मांड्यांनी कवळायचे, तेही लंगोटावर. हे मुलींना शोभणारे नाही असे मानले गेले आणि त्यांच्या वाट्याला दोरी आली, असे माझे वाचन आहे. म्हणजे दोरी मिळाली ती दुय्यम म्हणून. पण तिच्यावर मुलींनी जे केले ते दुय्यम राहिले नाही. मुंबईच्या हिमानी परबला 2021 साली मल्लखांबासाठीचा पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

नागपुरातल्या एका मैदानावर मी मुलींचा सराव अनेकदा पाहिला आहे. साधारण दोन सेंटिमीटर जाडीचा दोर वरून लोंबत असतो. मुलगी हाताने तो धरते, पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमट्यात पकडते आणि वर सरकते. मग मांडीला एक वेढा, कमरेला एक, पाठीमागून पुन्हा एक. पाहता पाहता ती जमिनीपासून आठ-दहा फुटांवर पद्मासनात बसलेली असते, दोन्ही हात जोडलेले. आणि कुठेही गाठ नसते. खुंट्याला दोन-तीन वेढे दिले की थोड्या ओढीवर बैलही थोपवता येतो, तेच शास्त्र इथे आहे. वेढ्यांचे घर्षण आणि तिचे स्वतःचे वजन तिला धरून ठेवते. एक वेढा चुकीच्या क्रमाने सुटला तर ती खाली येईल. म्हणून बांधतानाच सोडण्याचा क्रम तिच्या अंगात मुरलेला असावा लागतो. सुरुवातीचे कित्येक महिने मांड्या सोलवटतात, पावलांवर वळ उठतात. कुठला वेढा जास्त आवळला हे तिला लगेच कळते आणि ती तो तिथेच सैल करते.

दुसऱ्याने बांधले की ही कळ त्याला कळत नाही. दंडाच्या मागून जाणारी नस दोरीखाली दाबली गेली तर मनगट लुळे पडू शकते. म्हणून शिबारीच्या जाणत्या शिक्षिकाही मुंग्या आल्या की लगेच सांगायला शिकवतात आणि दोर कापायला कात्री जवळ ठेवतात.

तरीही त्या शिबिरांना हसून मोकळे होणे मला जमत नाही. तिथे जाणारी बाई काय शोधते? उघड्यावरची जागा, सोबतीला बायका, कुणाच्या नजरेचा धाक नाही आणि घटकाभर घरचे काही करायचे नाही. नागपंचमीच्या झोक्याने आपल्या आज्यांना हेच दिले होते. झोक्याची कडुनिंबे रस्ता रुंदीकरणात गेली. दोरीचा मल्लखांब शिल्लक आहे, पण तो शाळकरी मुलींपुरता. मी पाहिलेल्या मुली बारावीच्या वर्षी दोर सोडतात, मग नोकरी, लग्न, आणि त्या मैदानाच्या कडेला परत येतात त्या स्वतःच्या मुलीला सोडायला. बाकावर बसून, मोबाइल हातात घेऊन, सराव संपण्याची वाट पाहतात. त्यांतल्या काहींच्या हातांना तो दोर अजून आठवत असणार.

चाळिशीच्या बाईसाठी संध्याकाळी एक तास तो दोर मोकळा ठेवायला फारसे काही लागत नाही. तुळई आहे, दोर आहे, शिकवणारी आहे. पद्मासन जमले नाही तरी चालेल. एक वेढा घ्यायचा, लोंबकळायचे, आणि मनाला येईल तेव्हा आपल्या हाताने सोडायचा.