पिला हाउस

पिला हाउस : मुंबईतील ग्रँट रोड (सध्याचा मौलाना शौकतअली मार्ग) व फॉकलंड रोड (सध्याचा पठ्ठे बापूराव मार्ग) यांच्या परिसरातील जुना नाट्य व करमणूक विभाग. ‘प्ले हाउस’ या इंग्रजी शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘पिला हाउस’ असे रूप झाले व पुढे एका नाट्यगृहाचे नाव साऱ्या वस्तीस लागले, असे मानतात. तिकीट काढून नाटक पाहण्याची प्रथा एतद्देशीय समाजात मुंबईत प्रथम येथेच रुजली, हे या विभागाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

मुंबईत इंग्रजांचे पहिले नाट्यगृह १७७६ मध्ये किल्ल्यातील ‘बॉम्बे ग्रीन’ या मैदानावर वर्गणीतून उभारले गेले. कर्जबाजारी झाल्यामुळे ते १८३५ मध्ये विकण्यात आले. कर्ज फेडून उरलेली रक्कम सरकारी तिजोरीत जमा होती; तीतून नवे नाट्यगृह बांधावे, असा अर्ज युरोपीय व एतद्देशीय नागरिकांनी केला. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–६५) यांनी त्यासाठी ग्रँट रोडवरील आपली जागा दिली. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे नाव दिलेला हा रस्ता त्या वेळी नवाच होता. फेब्रुवारी १८४६ मध्ये नाट्यगृह सुरू झाले. ‘ग्रँट रोड थिएटर’ हे त्याचे रूढ नाव असले, तरी लोक त्यास ‘शंकरशेटची नाटकशाळा’ही म्हणत.

हे नाट्यगृह ज्यांच्यासाठी बांधले, त्यांना ते गैरसोयीचे ठरले. किल्ल्यात राहणाऱ्या युरोपीय प्रेक्षकांना ते फार दूर वाटे व रात्री देशी वस्तीतून ये-जा करणे त्यांना रुचत नसे. त्यामुळे इंग्रजी प्रयोगांचे उत्पन्न घटले आणि तिकिटांचे दर उतरवावे लागले. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर येथील वस्तीस मात्र हीच जागा जवळची होती. किल्ल्यातील साहेबांनी पाठ फिरविल्यामुळे रिकामी राहिलेली आसने एतद्देशीय प्रेक्षकांनी भरली व त्यांच्यामागोमाग त्यांची नाटकेही त्या रंगमंचावर आली.

विष्णुदास भावे यांची सांगलीकर नाटक मंडळी १८५३ मध्ये मुंबईस आली. संस्थानिकाचा आश्रय सुटल्यानंतर मंडळीच्या निर्वाहाचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. गिरगावातील प्रयोगांनंतर त्यांनी ग्रँट रोड थिएटरात तिकीट लावून खेळ केले. वाड्याच्या चौकात आश्रयदात्यासमोर होणारे नाटक येथे प्रथमच अनोळखी, पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकसमुदायापुढे उभे राहिले. निमंत्रण अथवा मानपान यांचा येथे संबंध नव्हता. तथापि आसनाचा दर्जा पैशांवर ठरे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘पारशी नाटक मंडळी’ने याच रंगमंचावर रुस्तुम व सोहराब यांच्या कथेवरील गुजराती नाटक सादर केले. व्यावसायिक मराठी रंगभूमी आणि पारशी रंगभूमी यांचा मुंबईतील आरंभ अशा प्रकारे एकाच वर्षी व एकाच छताखाली झाला.

१८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ग्रँट रोडपर्यंत पोहोचल्याने येथे येणे सुकर झाले. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया नाटक मंडळीने १८७० मध्ये जवळच आपले नाट्यगृह उभारले व इतरांनी तोच कित्ता गिरविला. गुजराती, उर्दू, मराठी अशा विविध भाषांतील नाटके येथे होत. बोरीबंदर परिसरात गेइटी (१८७९) व नॉव्हेल्टी (१८८७) ही नाट्यगृहे निघाल्यावर मात्र प्रतिष्ठित प्रेक्षक तिकडे वळला. पिला हाउसला प्रामुख्याने कामकरी वर्गाचा आश्रय उरला. कोकण व घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांसाठी येथे तमाशाचे फड उभे राहू लागले. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) व पवळा यांची लावणी मुंबईच्या याच श्रोतृवर्गात गाजली. [→ तमाशा].

विसाव्या शतकात बोलपटांच्या प्रसाराबरोबर नाटकांची जागा चित्रपटांनी घेतली. आल्फ्रेड, रॉयल, गुलशन, निशात, रोशन, सिल्व्हर, मोती ही चित्रपटगृहे थोड्या अंतरात एकवटली होती. त्यांपैकी काही मूळची नाट्यगृहेच होती. कमी दराच्या तिकिटांत जुने चित्रपट दाखविणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. शेजारच्या कामाठीपुरा व फॉकलंड रोड येथील वेश्याव्यवसायामुळे मात्र परिसराचे नाव बदनाम झाले. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या काव्यसंग्रहाने याच परिसरातील उपेक्षित जीवन मराठी कवितेत आणले. दूरदर्शन व चित्रफितींच्या प्रसारानंतर एकपडदा चित्रपटगृहांचा धंदा आटला व येथील अनेक चित्रपटगृहे बंद पडली.

मूळ नाट्यगृह आज अस्तित्वात नाही. परिसर पाहण्यास जाणाऱ्यास त्याचा अवशेषही आढळत नाही; वस्तीचे अपभ्रष्ट नाव आणि रस्त्याला दिलेले शाहिराचे नाव, एवढ्याच खुणा उरल्या आहेत. मराठी रंगभूमीच्या इतिहासात भावे यांच्या प्रयोगांचा गौरवाने उल्लेख होतो. ते जेथे झाले, तो विभाग मात्र त्याच्या नंतरच्या दुर्लौकिकामुळेच अधिक ओळखला जातो. वस्तुतः राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेल्या रंगभूमीच्या स्थित्यंतरात या विभागाचा वाटा मोलाचा आहे.