चहाचा तुरटपणा, चांदी आणि मध : भाजल्यावरच्या मलमांची गोष्ट

तव्याचा चटका बसला, गरम तेल उडालं, की घरातला प्रत्येकजण वेगळं औषध सांगतो. सासूबाई म्हणतात तूप लाव, जाऊ म्हणते हळद, मुलगा टूथपेस्ट घेऊन धावत येतो. हा गोंधळ आपल्याच घरात होतो असं समजू नका. मोठमोठ्या डॉक्टरांमध्येही काय लावावं याचा वाद वर्षानुवर्षं चालला. आज त्याचीच गोष्ट सांगते. त्यात आपल्या सोलापूरचंही नाव आहे.

१९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॉ. डेव्हिडसन यांनी भाजलेल्या जागी टॅनिक ॲसिड लावायला सुरुवात केली. चहाला तुरट चव ज्याने येते आणि ज्याने कातडं कमावतात, त्याच जातीचा हा पदार्थ. त्याने जखमेवर कडक खपली धरायची, अंगातलं पाणी झिरपायचं कमी व्हायचं. सगळ्यांना वाटलं, औषध सापडलं. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कळलं की खपलीखाली पू साठतो आणि ॲसिड अंगात भिनून यकृताला इजा होते. उपाय मागे पडला.

भाजलेला माणूस पहिल्या दिवसांतून वाचला तरी पुढे जखमेत जंतू शिरून दगावायचा. म्हणून १९६८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फा औषध एकत्र करून सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. दवाखान्यात मिळणारं पांढरं मलम ते हेच. त्याने असंख्य जीव वाचले. पण पुढे लक्षात आलं की जंतू मारणारं हे मलम जखम भरायलाही थोडा उशीर लावतं.

आता सोलापूर. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. ५२ जणांना मध, ५२ जणांना पांढरं मलम. १९९१ साली निकाल छापून आला. पंधरा दिवसांत मधाच्या गटातल्या शंभरातल्या ८७ जखमा भरल्या, मलमाच्या गटात फक्त १०. मधात पाणी कमी, आंबटपणा जास्त, त्यामुळे जंतूंना तिथे वाढता येत नाही.

मला खरा मोठेपणा दिसतो तो पुढे. त्याच डॉक्टरांनी नंतर जास्त खोल जखमांवर मधाची तुलना शस्त्रक्रियेशी केली. मेलेली कातडी लवकर काढून नवी लावणं हे मधापेक्षा सरस ठरलं, आणि १९९९ साली त्यांनी तेही तसंच छापलं. आपल्याच औषधाची हार त्यांनी लपवली नाही. पुढे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मधाने वरच्या थराच्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस आधी भरतात असं दिसलं. फायदा आहे, पण चमत्कार नाही.

मग मधाची बरणी उघडायची का? नाही. दवाखान्यातला जखमेचा मध निर्जंतुक केलेला असतो, घरचा नसतो. पांढरं मलमही मनाने लावू नका. दिवस भरत आलेल्या बाईला आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावत नाहीत.

कोणत्याही मलमाआधी एकच गोष्ट, वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नको. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाहीत. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाका. चेहरा, हात, पाय, नाजूक जागा भाजली असेल, तळहातापेक्षा मोठा भाग असेल, भाजलेलं मूल लहान असेल, किंवा कातडी पांढरी-काळी पडून दुखेनाशी झाली असेल, तर १०८ ला फोन करा. न दुखणारी जखम खोल असते, हे विसरू नका.

आणि एक सांगते. बाई भाजली की "स्वयंपाक उरकून जाऊ" म्हणते. मैत्रिणींनो, भाकरी थांबते, जखम थांबत नाही. आधी नळाखाली हात धरा.