कारवी : एका रानफुलाच्या नोंदींचा इतिहास

बदलापूरनजीकच्या शिरगावाच्या दक्षिणेस माथेरानची डोंगररांग आहे. ह्या रांगेच्या उतारांवर, त्याचप्रमाणे कोकणाकडे उतरणाऱ्या सह्याद्रीच्या बहुतेक कड्यांवर, कारवी दाट वाढते. तिच्या काठ्यांचा कूड बांधून त्यावर शेणमातीचा लेप देण्याची रीत ठाकूर-कातकऱ्यांच्या वस्त्यांत जुनी आहे. डोंगरातील माणसाची व कारवीची गाठ अशी दरसाल पडते. वनस्पतिसंग्राहकाची ती बहुधा आठ वर्षांतून एकदाच पडत आली, आणि तिच्या शास्त्रीय नोंदींतील वैगुण्याचे मूळ येथेच आहे.

कारवी सात वर्षे केवळ पाने व काठ्या वाढविते. आठव्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सारा उतार एकदम निळ्याजांभळ्या फुलांनी भरतो. बी धरल्यावर झुडूप वाळून जाते. हर्बेरियमसाठी नमुना घेणारा फुलोराच शोधतो, कारण जातीची ओळख मुख्यत्वे फुलावरून पटवावयाची असते. तेव्हा वाळविलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरील तारखा बहराच्या सालांभोवती गोळा व्हाव्यात व मधली साले रिकामी राहावीत, हे क्रमप्राप्तच होय. त्या रिकाम्या सालांवरून झाड तेथे नव्हते असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक संग्राहकाच्या सवयीलाच निसर्ग समजून बसेल.

शिवाय सर्व डोंगर एकाच साली फुलत नाहीत. मुंबईतील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ व २०२४ साली बहर आला. अन्यत्र साल निराळे असू शकते. म्हणून तारखेइतकेच स्थळही नेमके हवे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हूकर व टॉमसन यांनी वाटलेल्या संग्रहांतील नमुन्यांवर पुष्कळदा ‘मलबार, कोंकण इत्यादी’ एवढेच छापलेले असते. संग्राहक म्हणून स्टॉक्स, लॉ ‘इत्यादी’. एका ‘इत्यादी’त डोंगर गेले, दुसऱ्यात माणसे! बहराचे चक्र शोधू पाहणाऱ्यास अशा चिठ्ठीचा उपयोग जवळजवळ नाही. ही उणीव ओळखून बहराच्या सालांकडे लक्ष देणाऱ्यांत मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर सांतापाव हे प्रमुख होत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालचा. सामुदायिक बहरावरील त्यांचा लेख १९६२ सालचा आहे.

नावाचा इतिहासही मनोरंजक आहे. नीस या जर्मन शास्त्रज्ञाने १८३२ साली ह्या जातीस ‘स्ट्रोबिलँथिस कॅलोसा’ म्हटले. त्यांतील पहिला शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन. मराठीचा मागमूस नाही. १९४४ साली ब्रेमेकांप या डच शास्त्रज्ञाने मूळ विशाल प्रजातीचे अनेक तुकडे पाडले व ह्या झुडपासाठी ‘कार्व्हिया’ ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली. व्युत्पत्ती उघड आहे : ‘कारवी’ शब्दास लॅटिनचा स्त्रीलिंगी ‘इया’ प्रत्यय लागला. मराठीतील स्त्रीलिंग लॅटिनमध्येही टिकले, हा योगायोग खरा, पण सुखद. कुडाच्या भिंतीतला शब्द प्रजातिनाम होऊन बसला.

हा मान फार काळ टिकला नाही. पुढील संशोधकांनी, विशेषतः २००० नंतरच्या जनुकीय अभ्यासाने, ब्रेमेकांपच्या बहुतेक लहान प्रजाती पुन्हा ‘स्ट्रोबिलँथिस’मध्ये विलीन केल्या आणि ‘कार्व्हिया’ पर्यायनामांच्या यादीत गेली. हर्बेरियमच्या शिरस्त्याप्रमाणे मात्र जुनी चिठ्ठी फाडून टाकीत नाहीत. नवे नाव तिच्या शेजारी चिकटवितात.