पस्तीस उड्यांची शर्यत

बीड जिल्ह्याच्या पूर्व अंगास, अंबाजोगाई तालुक्यांत, घाटनांदूर हें परळी-विकाराबाद लोहमार्गावरील स्थानक आहे. आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, आष्टी तालुक्यांत, मांडवा हें गांव आहे. मांडव्याचे अविनाश साबळे यांचा जन्म १९९४ सालचा. आईवडील वीटभट्टीवर मजुरी करीत आणि मुलगा शाळेची लांबची वाट पायींच तुडवी. बारावीनंतर ते सैन्यांत महार रेजिमेंटमध्यें दाखल झाले व सियाचीनच्या बर्फांतहि राहून आले. २०१८ सालीं भुवनेश्वर येथें त्यांनीं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटें २९.८० सेकंदांत पुरी केली, तेव्हां गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. दुष्काळी मुलखांतील माणसानें पाण्याचे खड्डे ओलांडण्याच्या शर्यतींत नांव कमवावें, हें एक नवलच.

ही शर्यत मूळची घोड्यांची. १७५२ सालीं आयर्लंडांत दोन स्वारांनीं एका गांवच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गांवच्या मनोऱ्यापर्यंत कुंपणें व ओढे ओलांडीत पैज मारली, आणि मनोऱ्यावरून शर्यतीस नांव पडलें, असें सांगतात. माणसांच्या शर्यतींत २८ अडसर आणि ७ पाण्याच्या उड्या, मिळून ३५ उड्या असतात. पुरुषांसाठीं अडसराची उंची ९१.४ सेंटिमीटर, पाय लागला तर तो पडत नाहीं, धांवणाराच पडतो. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्यें फेऱ्या मोजणाऱ्याची चूक होऊन स्पर्धकांस एक फेरी अधिक धांवावी लागली. ३००० मीटरांवर दुसरा असलेला अमेरिकन मॅक्लस्की त्या जादा फेरींत मागें पडून तिसरा ठरला. थकव्याची किंमत इतक्या उघडपणें क्वचितच मोजली गेली असेल.

थकलेल्या पायांत होतें तरी काय? फ्रान्समध्यें मारे व डेमेनी यांनीं १८८५ च्या सुमारास उडीच्या वेळीं पायाचा जमिनीवर पडणारा दाब यंत्रानें टिपला. एका उडीमागोमाग लगेच घेतलेली दुसरी उडी अधिक उंच जाते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. जमिनीवर आदळतांना ताणलेला स्नायु व कंडरा पुढच्याच क्षणीं ती शक्ति परत देतात. या कल्पनेचें गणित १९८९-९० मध्यें ब्लिकहान, मॅकमेहॉन व चेंग यांनीं मांडलें: सारा पाय म्हणजे एक स्प्रिंग. जमिनीवरील कमाल दाबास पाय किती दबला त्या अंतरानें भागावें, म्हणजे पायाचा ताठपणा निघतो. ताठपणा म्हणजे आखडणें नव्हे. तो कमी पडला तर गुडघा अधिक वांकतो, पाऊल जमिनीवर अधिक रेंगाळतें आणि उसळी जाते. थकव्यानें पुष्कळदां असेंच होतें. कांहीं प्रयोगांत मात्र शरीर घोटा व गुडघा यांच्यांत काम वांटून घेऊन ताठपणा टिकवून धरतें असें दिसलें. तेव्हां सरसकट नियम सांगणारांवर फार भिस्त ठेवूं नये.

स्टीपलचेसमध्यें दोन्ही पायांचा वांटा मुळींच सारखा नाहीं. पाण्याच्या उडींत बहुतेक धांवपटू एक पाय अडसरावर रोंवून रेटा देतात आणि दुसऱ्या पायावर पाण्यांत उतरतात. तोच पाय तो मार सातही वेळां सोसतो. इतकें करून शेवटीं वेगानें धांवावयाचें असतेंच. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत साबळे ८ मिनिटें ११.२० सेकंदांत आले. केनियाचा किबिवोट अवघ्या ०.०५ सेकंदानें पुढें राहिला. १९९८ पासून या शर्यतीचीं तिन्ही पदकें केनियाच नेत असे. ती परंपरा त्या रुप्याच्या पदकानें तुटली. पुढच्या वर्षीं हांगचौ येथें आशियाई सुवर्ण, आणि २०२४ च्या जुलैंत पॅरिस येथें ८ मिनिटें ०९.९१ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम.

जुलै २०२५ मध्यें मोनॅकोच्या शर्यतींत पाण्याच्या उडीशींच ते पडले. गुडघ्याचा अस्थिबंध व कूर्चा फाटली. शस्त्रक्रिया करावी लागली. अशा दुखापतीनंतर सारखेपणाचा प्रश्न कळीचा ठरतो. रोग्यास एका पायावर लंगडी उडी घ्यावयास लावतात आणि दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या शेंकडा ९० भरते कीं नाहीं हें पाहतात. परंतु ही परीक्षा बहुधा ताज्या पायांवर घेतात. कांहीं संशोधकांनीं आधीं स्नायु थकवून मग उड्या घेववल्या, तेव्हां विश्रांतीनंतर उत्तीर्ण झालेल्यांपैकीं कित्येक नापास झाले.