नेव्हिल डिसोझा : एक विस्मृत खेळाडू

मुंबईच्या खेळांचा इतिहास म्हणजे क्रिकेटचा इतिहास, असा आपल्याकडे एक समज दृढ होऊन बसला आहे. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें भारत ज्या वर्षीं चौथा आला, त्या वर्षीं सर्वांत अधिक गोल करणाऱ्या तिघांपैकीं एक मुंबईकर होता, हें सांगितलें तर पुष्कळांस नवल वाटेल. त्याचें नांव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिलचा जन्म 1932 चा. घराणें मूळचें गोव्याचें. पोटापाण्यासाठीं मुंबईस आलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती लोकांनीं आपल्याबरोबर दोन गोष्टी आणल्या, संगीत आणि फुटबॉल. खेळावर पोट भरण्याची सोय मात्र त्या काळीं नव्हती. कंपनींत नोकरी करावी, आणि कंपनीच्या संघांतून कूपरेजच्या मैदानावर उतरावें, हाच क्रम. नेव्हिल टाटांच्या संघांतून पुढें आला. 1954 सालीं मुंबईनें संतोष करंडक प्रथमच जिंकला, तोहि याच पिढीच्या बळावर.

1948 सालीं लंडनला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, व फ्रान्सकडून 2–1 असे थोडक्यांत हरले. 1952 सालीं हेलसिंकीस युगोस्लाव्हियानें त्यांच्यावर दहा गोल चढविले. ही नाचक्की मनांत ठेवूनच 1956 चा संघ प्रशिक्षक रहीम यांनीं मेलबर्नला नेला. हंगेरीनें माघार घेतल्यामुळें पहिली फेरी न खेळतांच पार पडली. स्पर्धेंत संघहि अकराच होते. टीकाकार एवढ्यावरच बोट ठेवतात. पण 1 डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशीं गांठ पडली, ती कांहीं कागदावर सुटणारी नव्हती. नवव्या मिनिटास नेव्हिलचा पहिला गोल झाला. ऑस्ट्रेलियानें बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटास दुसरा, पुन्हा बरोबरी. पन्नासाव्या मिनिटास तिसरा. ऑलिंपिकमध्यें असे तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू मानला जातो. सामना आपण 4–2 असा जिंकला.

उपांत्य सामन्यांत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. बावन्नाव्या मिनिटास नेव्हिलनेंच गोल करून आघाडी मिळवून दिली. चार वर्षांपूर्वीं दहा गोल खाल्लेल्या संघानें ज्यांच्याकडून ते खाल्ले त्यांना मागें टाकलें होतें! पण ती आघाडी दोनच मिनिटें टिकली, आणि अखेर 4–1 असा पराभव पदरीं आला. पुढें बल्गेरियानेंहि 3–0 असें हरविलें, व कांस्यपदक हुकलें. नेव्हिलचे गोल चार झाले. तितकेच युगोस्लाव्हियाच्या व्हेसेलिनोविचचे आणि बल्गेरियाच्या मिलानोव्हचे.

आम्हांस वाटतें, या चार गोलांचें मोल त्याच्या हयातींत कोणी केलेंच नाहीं. 1961 पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलचा पहिला मान त्याच संघांतील पी. के. बॅनर्जी यांस मिळाला, व तो योग्यच होता. त्यानंतरहि वर्षानुवर्षें फुटबॉलपटूंचीं नांवें त्या यादींत येत गेलीं. नेव्हिलचें आलें नाहीं. 1980 सालीं, पन्नाशीहि गांठण्यापूर्वीं, तो वारला.