बंदी प्रत्यक्षीकरण खटला आणि न्या. खन्ना यांचे भिन्नमत

आणीबाणीत, २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ खालील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद झाला. तरीही मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी ‘मिसा’खालील स्थानबद्धांचे अर्ज सुनावणीयोग्य ठरविले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने ते निर्णय फिरविले.

वैयक्तिक वैरापोटी पोलिसाने कोणाचा जीव घेतला तर उपाय कोणता, असे न्या. ह. रा. खन्ना यांनी सुनावणीत विचारले होते. आणीबाणी असेतो कोणताही नाही, असे महान्यायवादी नीरेन डे यांचे उत्तर होते. बहुमताने अनुच्छेद २१ हाच जीविताच्या हक्काचा एकमेव आधार मानला. खन्ना यांच्या मते संविधानापूर्वीही कायद्याच्या आधाराविना कोणाचे जीवित हिरावता येत नव्हते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले. खन्ना यांनी राजीनामा दिला.

४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी स्थगितीच्या कक्षेबाहेर ठेवली. मात्र या उपायाने अनुच्छेदाला संरक्षण मिळाले, खन्ना यांच्या युक्तिवादाला नव्हे. त्याला मान्यता मिळाली ती २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात. तेथील प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते.