रास, माप आणि पाठ

धान्याचा इतिहास लिहिणारे बहुधा दोनच ठिकाणी थांबतात : शेतात आणि बाजारात. मधली वाट कोरी राहते. या वाटेवर रास पोत्यात भरली जाते, पोते पाठीवर चढते, पाठीवरून गाडीत आणि ट्रकमध्ये जाते. माझे वडील आधी गावच्या खळ्यावर राबले, नंतर पुण्यात भवानी पेठेत धान्याची पोती वाहू लागले. म्हणून ही वाट मला पुस्तकाआधी त्यांच्या खांद्यावरच्या घट्ट्यांतून कळली.

खळ्यापासून सुरुवात करू. मळणी झाली, उफणणी झाली, रास लागली की बलुतेदार आपापला वाटा घ्यायला येत. महाराने खळ्याची राखण करायची, सरकारी ओझी वाहायची, सांगावे पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि सुगीत राशीपासून दूर उभे राहून पदर पसरायचा. यालाच ‘हक्क’ म्हणत. पण ज्या हक्काचे माप दुसऱ्याच्या हातात असते तो कसला हक्क? घेताना पायलीवर शीग चढे, देताना त्याच पायलीवरून हात फिरे. शिवाय गावाशी वाकडे आले की बलुते बंद. धान्य हा मोबदला होता, तसाच तो लगामही होता.

हे मर्म बाबासाहेबांनी अचूक ओळखले. 1928 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी आणि ती सरकारने वसूल करून द्यावी, असा त्याचा रोख होता. म्हणजे माप गावाच्या हातून काढून घ्यायचे होते. 1929 मध्ये ते विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले.

वतन गेले, पण ओझे गेले नाही. गाव सोडून पुण्यात आलेल्या माणसाला नाना पेठ-भवानी पेठेत काम मिळाले ते पोती उचलण्याचे. इथे महार-मांग होते, तसे दुष्काळाने हाकललेले मराठा-कुणबीही होते. पोते क्विंटलाचे. हातात लोखंडी आकडा, ट्रकला लावलेली लवचिक फळी, आणि त्या फळीवरून दिवसभर चढ-उतार. मजुरी नगावर, पण नगाचा दर कोण ठरवणार? व्यापारी. पाय घसरून माणूस पडला तर मालक कोण? कोणीच नाही. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर राबणाऱ्याला मालक नसतो, असे सांगितले जाई. खळ्यावरचे माप इथे दुसऱ्या रूपाने भेटले.

डॉ. बाबा आढाव (1930-2025) यांच्या नेतृत्वाखाली 1950 च्या दशकात पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली. तिने हाच प्रश्न उलटा विचारला : मालक अनेक असतील तर जबाबदारी सगळ्यांची का नसावी? मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली. या लढ्यांतून 1969 चा माथाडी कायदा आला. कामगाराची नोंद मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा. हमालीचा दर आता दयेवर राहिला नाही, तो करारात आला. ओझ्याचाही प्रश्न ऐरणीवर आला. प्रौढ पुरुषाने 55 किलोपेक्षा जास्त वाहू नये, ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची शिफारस 1967 ची. त्याच साली झालेल्या ओझ्याविषयीच्या करारास भारताने मान्यता दिली ती 2010 मध्ये. त्रेचाळीस वर्षे! एका हमालाची पाठ इतकी वर्षे टिकत नाही.

पण मित्रहो, इथे समाधान मानून थांबता येत नाही. माथाडी कायद्याच्या अनुसूचीत बाजार आहेत, गोदामे आहेत, रेल्वेची यार्डे आहेत. शेताचा बांध नाही. आज व्यापाऱ्याचा ट्रक थेट बांधापर्यंत येतो. मळणीयंत्र तासाभरात रास पाडते, वजनकाटा शेतातच लागतो आणि गावातली भूमिहीन माणसे पोती भरून, दाभणाने शिवून, ढेकळांतून वाट काढत ट्रकवर थप्पी लावतात. शेतकरी म्हणतो, हमाली व्यापाऱ्याची. व्यापारी म्हणतो, शेतकऱ्याची. शेतकरीही लहानच, दोन एकरांच्या धन्याला भाव बांधून मिळत नाही, तो मजुरीत कपात शोधतो. बाजार शेतापर्यंत आला, पण बाजारात मिळवलेला कायदा मात्र बाजाराच्या फाटकाशीच थांबला. ‘तुझा मालक कोण?’ हा भवानी पेठेतला जुना प्रश्न पुन्हा खळ्यावर जाऊन उभा आहे.

आपल्या चळवळीने पाणवठ्याचा इतिहास लिहिला, मंदिराचा लिहिला. खळ्याचा लिहायला हवा. कारण वडिलांनी हमाल पंचायतीची पहिली पावती जपून ठेवली होती, ती रकमेसाठी नव्हे. राशीपुढे पदर पसरलेल्या माणसाला कुणी कधी पावती दिली नव्हती.